न उतरलेली चाकं

३ मार्च, रविवार

अल्बम कपाटावरून खाली काढला. म्हणजे मी काढला. बाईसाहेब, म्हणजे माझी बायको, खुर्चीत बसून "डावीकडे... अजून डावीकडे... आता सरळ वर" अशा सूचना देत होत्या. ढगांतून विमान नेणारी बाई, पण स्टुलावर चढायचं म्हटलं की हिला चक्कर येते! कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

कारण असं की हवाई दलाच्या संग्रहालयातून पत्र आलंय. दलातली पहिली महिला वैमानिक म्हणून तिच्यावर एक अख्खी खोली करणार आहेत. गणवेश, पदक, आणि "आपला वैयक्तिक छायाचित्रसंग्रह". पत्र तिने तीनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाली, "माझ्यावर खोली करतायत! आणि या घरात मला कपाटाचा एक धड खण मिळत नाही."

खण मिळत नाही, कारण खणांत माझी हत्यारं आहेत. मी काय करू? मेकॅनिक आहे. शहात्तराव्या वर्षीही आहे.

४ मार्च, सोमवार

अल्बमची धूळ झटकली. सतरा शिंका. ती मोजत होती.

६ मार्च, बुधवार

संग्रहालयाची मुलगी येऊन गेली. सव्वीस-सत्तावीसची असेल. आल्या आल्या पांढरे हातमोजे घातले, पिशवीतून चिमटा काढला आणि आमचा अल्बम असा उघडला, जसं काही त्याच्या पोटाचं ऑपरेशन करायचंय. बाईसाहेब मात्र बिस्किटाच्या हाताने पानं उलटत होत्या. "मॅम, बोटं... मॅम, प्लीज..." मुलगी रडकुंडीला आली. मी तिचं नाव चिमटेवाली ठेवलंय.

एकूण चव्वेचाळीस फोटो. चिमटेवाली प्रत्येकाला क्रमांक देते आणि त्यात काय दिसतं ते वहीत लिहिते. पहिल्यात बाईसाहेब नव्या गणवेशात. गणवेश पुरुषांच्या मापाचा, कारण दुसरा शिवलाच नव्हता. पट्ट्याला जास्तीची दोन भोकं मीच पाडून दिली होती. हे मी सांगितलं. चिमटेवालीने लिहिलं नाही.

नवव्या फोटोशी ती थांबली. विमानाचा पंख, पंखाशी हसरी बाईसाहेब, आणि पंखाखालून बाहेर आलेले दोन पाय.

"हे पाय कुणाचे?"

"माझे," मी म्हणालो.

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मग फोटोकडे. मग वहीत लिहिलं. मी चष्म्यावरून वाचलं — "विमानाखाली अनोळखी व्यक्ती".

अनोळखी! समोर बसून चहा पाजतोय तिला!

७ मार्च, गुरुवार

मोजून काढलं. चव्वेचाळीसपैकी एकतीस फोटोंत मी आहे. पाय — अकरा. पाठ — नऊ. कोपर — सहा. नुसती टोपी — चार. पूर्ण चेहऱ्याचा एकच, शेवटच्या पानावरचा आमच्या लग्नाचा, आणि त्यात मी नेमका हललो. दोन नाकं दिसतात.

बाईसाहेबांना हे वाचून दाखवलं. म्हणाली, "अरे, पण पाय किती छान आलेत!"

आमच्यात हे असंच आहे. तळावर मी तिला मॅडम म्हणायचो आणि अहो-जाहो करायचो. ती ऑफिसर, मला अरे-तुरे. लग्न झाल्यावर चारचौघांत ती मला "अहो" म्हणू लागली आणि घरात शिरताच "अरे". एक्केचाळीस वर्षांत उंबऱ्यावर एकदाही चुकली नाही.

८ मार्च, शुक्रवार

चिमटेवाली पुन्हा. आज फोटोखालच्या ओळी लिहायच्या होत्या. ती आदराने पेन सरसावून बसली आणि म्हणाली, "मॅम, या क्षणी तुमच्या मनात काय भावना होत्या?"

फोटो चौथा. तुकडीतले अठरा पुरुष रांगेत आणि टोकाला ही. बाईसाहेब म्हणाल्या, "भावना कसली? फोटोग्राफर मला सांगत होता, वहिनी, जरा बाजूला व्हा, तुकडीचा फोटो आहे. त्याला वाटलं मी कुणाची तरी बायको."

"मग तुम्ही काय केलंत?"

"बाजूला झाले. एक पाऊल. म्हणून तर टोकाला आहे."

फोटो सहावा. तळप्रमुख, छातीवर पदकांची रांग, एका बंद दाराबाहेर येरझाऱ्या घालतायत. त्या तळावर बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. मग मी एक पाटी करून दिली होती, एका बाजूला "आत बाई आहे", दुसऱ्या बाजूला कोरी. बाईसाहेब जाताना उलटायच्या, येताना सुलटायच्या. त्या दिवशी सुलटायला विसरल्या आणि उडून गेल्या. पन्नास मिनिटं! तळप्रमुख पाटीचा मान राखून बाहेर उभे. हा फोटो कुणी काढला ते अजून कुणी कबूल केलेलं नाही. मीच काढला.

चिमटेवाली इतकी हसली की चिमटा खाली पडला. पण ओळ काय लिहिली? "तळप्रमुख, विचारमग्न."

९ मार्च, शनिवार

आज तेविसावा फोटो आला.

विमान गवतात पोटावर टेकलेलं. पंखाचं टोक वाकलेलं. बाजूला ही, शिरस्त्राण काखेत, नजर कॅमेऱ्याकडे नाही. मागे विमानात कुणीतरी वाकलेलं, पाठ दिसते. पाठ माझी.

चिमटेवालीचे डोळे चमकले. "हाच मोठा करणार आम्ही, मॅम. अख्ख्या भिंतीएवढा! चाकं अडकलेली असताना तुम्ही विमान पोटावर उतरवलंत — शौर्यपदक!"

बाईसाहेब चहा आणायला उठल्या. आयुष्यात पाहुण्यांसाठी स्वतः चहा आणायला उठल्या नव्हत्या. मी ओळखलं, विषय टाळतेय.

आता हे लिहितो. त्रेचाळीस वर्षांत कुठेच लिहिलेलं नाही.

त्या दिवशी ती एकटी उडाली होती. रेडिओ बंद. तो आठवड्यातून चार दिवस बंदच असायचा. परत आली, मैदानावर दोन घिरट्या घातल्या. मी मनात म्हटलं, झाला नखरा सुरू, हिला लोकांनी मान वर करून बघितल्याशिवाय उतरवत नाही. मग ती खाली येऊ लागली. चाकं आतच! विमान पोटावर घासत, ठिणग्या उडवत गेलं आणि गवतात थांबलं. सगळ्यांत आधी मी पोचलो. ती बाहेर उभी होती. चेहरा पांढराफटक, पण उभी. मी तिच्याकडे न थांबता वर चढलो.

चाकं उतरवायचा दांडा वैमानिकाच्या डाव्या हाताला असतो. खाली ओढला की चाकं बाहेर येतात. तो वर होता. मी ओढून बघितला. लोण्यासारखा खाली आला. म्हणजे त्याला काही झालं नव्हतं. म्हणजे ही ओढायलाच विसरली होती!

दलात एकच बाई, आणि ती चाकं काढायला विसरली. "आम्ही म्हणत नव्हतो?" असं म्हणायला अर्धा तळ टपलेलाच होता. तिचं उडणं त्या दिवशी संपलं असतं. तिच्यामागून येणाऱ्या पोरींचंही. मी विचार केला नाही. दांड्याखालची सळई दोन तडाख्यांत मोडली. सळई मोडली की दांडा कितीही ओढा, चाकं येत नाहीत.

चौकशीत ठरलं — सळई झिजलेली होती, मेकॅनिकने बदलली नाही. माझ्यावर ताशेरे, बढती गेली. तिला पदक. ती तिथे शपथेवर म्हणाली, "मी दांडा ओढला होता, चाकं आली नाहीत." ती खोटं बोलणाऱ्यांतली नाही. तिला खरंच तसं वाटतं. घाबरलेल्या माणसाला काय काय आठवतं! म्हणून मी कधी सांगितलं नाही. सहा महिन्यांनी नोकरी सोडली, पंप दुरुस्तीचं दुकान काढलं. नोकरी सोडली म्हणूनच लग्न झालं, कारण ऑफिसर आणि मेकॅनिक हे नियमात बसत नव्हतं. तेव्हा तक्रार काही नाही.

फक्त एक कबूल करतो. घरातल्या भांडणात मी हरायला लागलो — म्हणजे दर भांडणात — की मला मनातल्या मनात हे आठवतं आणि फार बरं वाटतं.

१० मार्च, रविवार

तिने आज पुन्हा किसणी कात्रीच्या जागी टांगली. मुद्दाम. स्वयंपाकघरातल्या फळीवर मी प्रत्येक वस्तूचा आकार काळ्या रंगाने काढलाय, विमानांच्या हँगरमध्ये हत्यारांच्या फळीवर असायचा तसा. एक आकार रिकामा दिसला की कळावं, काहीतरी कुठेतरी राहिलं. पोरांच्या बालवाडीत असतं तसं सोपं! तरी किसणी कात्रीच्या जागी.

विचारलं तर म्हणते, "विमान थोडंच पडणारेय?"

१३ मार्च, बुधवार



चिमटेवालीने भिंतीवरच्या फलकाचा मसुदा आणून दिला. भिंतीएवढ्या फोटोच्या बाजूला लागणार. सुरुवात झकास. निधडी छाती, थंड डोकं, वगैरे. आणि मग — "मेकॅनिकच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे विमानाची चाकं अडकली होती." आणि पुढे माझं नाव. पूर्ण! वडिलांच्या नावासकट! जुन्या चौकशीच्या कागदातून काढलं म्हणे.

एकतीस फोटोंत मी नुसता पाय आणि पाठ. अनोळखी व्यक्ती. आणि नाव आलं ते एकदाच, तेही इथे!

तिला अजून पत्ता नाही की ते नाव माझं. तिला मी "काका" आहे. "काका, चहा छान होता" म्हणून गेली.

बाईसाहेबांनी मसुदा वाचला. बराच वेळ वाचत होत्या. मग घडी घालून म्हणाल्या, "नाव काढून टाकायला सांगते."

"का? राहू दे की. कागदावर आहेच."

"अरे, उगीच कशाला? जुनं झालं ते."

जुनं झालं! पदक जुनं होत नाही, ते काचेत ठेवतात. ताशेरे तेवढे जुने होतात. पण गिळलं.

१४ मार्च, गुरुवार

लेकीचा फोन. उद्घाटनाला सगळे येणार. जावयाने रजा टाकली. आणि मोठी बातमी — संग्रहालयवाल्यांनी ठरवलंय, फलक मोठ्याने वाचून दाखवायला नातच हवी. अकरा वर्षांची आहे, आवाज खणखणीत. रोज आरशासमोर सराव करणार म्हणाली.

म्हणजे माझी नात शंभर लोकांसमोर, खणखणीत आवाजात, माझ्या नावासकट!

जेवण गेलं नाही. बाईसाहेबांनी विचारलं, "पोट बिघडलंय का?" मी म्हटलं, हो. ओव्याचं पाणी प्यावं लागलं. दोनदा.

१६ मार्च, शनिवार

आडून आडून विचारून बघितलं. ती शब्दकोडं सोडवत होती.

"काय गं, त्या दिवशी... तेविसाव्या फोटोच्या दिवशी... तू दांडा नक्की ओढला होतास?"

पेन्सिल थांबली. माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला वाटलं माझ्या नाकाला काहीतरी लागलंय.

"ओढला होता. चाकं आली नाहीत. बस."

"नाही, कधीकधी माणसाला वाटतं आपण केलं—"

"जाऊ दे ना आता! का उकरून काढतोस? मी काही बोलते का?"

ती कशाला बोलेल? तिच्या बाजूने बोलण्यासारखं आहे काय? पण चेहरा कसनुसा झाला होता तिचा. मला वाटतं, आत कुठेतरी तिला आठवत असावं. वाईट वाटलं. पुढे विचारलं नाही.

१८ मार्च, सोमवार

कडाक्याचं भांडण. कारण — भिजलेला टॉवेल. पण टॉवेल निमित्त, हे दोघांनाही माहीत.

मी म्हणालो, "या घरात माझी किंमत पायापुरती आहे!" ती म्हणाली, "तुझ्या हत्यारांनी माझी कपाटं भरली!" मी म्हणालो, "आणि तुझ्या पदकांनी माझ्या भिंती!" मग आवाज एकदम खाली आणून ती म्हणाली, "त्रेचाळीस वर्षांत मी तुला एक शब्द बोललेय का?"

एक शब्द? एक? माझ्या घोरण्यावर किती झाले? पंपाच्या दुकानातून ग्रीसचे हात घेऊन आलो त्यावर किती? टॉवेलवर आजच तीसेक झाले! मी हे सगळं सांगितलं. ती कपाळावर हात मारून आत गेली.

दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१९ मार्च, मंगळवार

आरशासमोर उभा राहून नातीचं वाक्य मीच म्हणून बघितलं. "अक्षम्य निष्काळजीपणा." पाचव्या वेळेला खरंच वाटायला लागलं.

नाही. उद्या चिमटेवालीला सगळं सांगून टाकायचं. बाईसाहेबांचा अपमान न करता. प्रेमाने. पण सांगायचं.

२० मार्च, बुधवार

सांगितलं.

इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. चिमटेवाली आली, हातमोजे चढवले, आणि मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती, पण त्रेचाळीस वर्षांची गोष्ट बसून सांगता येईना. म्हणालो, "मुली, फलकावरचं ते नाव माझं आहे." तिचा चिमटा हवेतच राहिला. मग मी सगळं सांगितलं — वर असलेला दांडा, लोण्यासारखा खाली आला ते, दोन तडाखे, मोडलेली सळई. शेवटी म्हणालो, "बाई विसरली होती. त्यात लाज नाही. माणूस विसरतं. पण निष्काळजी मी नव्हतो."

बाईसाहेब समोरच होत्या. मी सांगत असताना त्यांचं तोंड हळूहळू उघडत गेलं. मला वाटलं, आता फुटणार. मी कान तयार ठेवले होते.

चिमटेवाली घाबरत घाबरत म्हणाली, "मॅम... हे खरं आहे?"

बाईसाहेब माझ्याकडे बघत राहिल्या. डोळे असे, जणू मला पहिल्यांदाच बघतायत. मग म्हणाल्या, "हो. खरं आहे. विसरले मी."

बस. एवढंच! ना आरडाओरडा, ना फडाफडा बोलणं. चिमटेवालीने रुमाल काढला. म्हणाली, "काका, तुम्ही किती..." आणि नाक पुसलं.  मी खाली बसलो.

मग बाईसाहेब म्हणाल्या, "एक मात्र करा. तुम्हाला दिलेलं पदक काचेतून काढा. विसरून पोटावर उतरल्याचं पदक कुणी मांडतं का?"

हे मी मागितलं नव्हतं. मी म्हणालो, "राहू दे की पदक!" ती म्हणाली, "नाही. एकदा खरं सांगायचं ठरलं, की मग सगळंच खरं."

२१ मार्च, गुरुवार

नवा फलक आला. मथळा — "चूक, धैर्य आणि एक मूक त्याग". मूक त्याग म्हणजे मी. नवव्या फोटोखालचं "अनोळखी व्यक्ती" खोडून माझं नाव घातलंय. तेविसाव्यातली पाठही आता माझ्या नावाची. लेकीला फोनवर सांगितलं तर ती रडली. जावई म्हणाला, "बाबा, तुम्ही ग्रेट आहात." हा माणूस बारा वर्षांत माझ्याशी हवामानाशिवाय बोलला नव्हता.

नातीने नवं वाक्य पाठ केलं. फोनवर म्हणून दाखवलं — "आजी चाकं काढायला विसरली!" खणखणीत. आणि खिदळली.

मी पण हसलो. मग बाईसाहेबांकडे बघितलं. ती पदकाच्या रिकाम्या डबीत बटणं भरत होती. हसतच होती. पण हसू गालापर्यंतच होतं.

२२ मार्च, शुक्रवार

शेजारचे निवृत्त मास्तर खास अभिनंदन करायला आले. माझं! बाईसाहेबांना म्हणाले, "वहिनी, असा नवरा मिळायला भाग्य लागतं." तिने मान डोलावली आणि त्यांना तिसरं बिस्किट दिलं नाही.

दिवसभर तिच्याभोवती घुटमळलो. किसणी स्वतःहून बरोबर जागी टांगलेली दिसली. हे वाईट लक्षण. भांडायची इच्छाच गेलीय तिची. मला माझ्या नावाचा फलक हवा होता, पण हिच्या पदकाच्या डबीत बटणं नको होती. उद्या सकाळी नीट, शांतपणे समजूत घालतो.

२३ मार्च, शनिवार

चहा पिताना म्हणालो, "मनाला लावून घेऊ नकोस. मी तुला केव्हाच माफ केलंय."

एवढं मात्र तिला सहन झालं नाही. कप ठेवला. आत गेली आणि एक छोटा पाना आणून माझ्या बशीत ठेवला. त्यावर हिरवी पट्टी. तळावर प्रत्येक मेकॅनिकच्या हत्यारांना वेगळा रंग असायचा. हिरवा माझा.

"दांड्याच्या खाचेत अडकला होता," ती म्हणाली. "दोन घिरट्या घालून ओढत होते. अर्ध्यावर यायचा, थांबायचा. जमिनीवर आल्यावर हा दिसला. दांडा वर ढकलला, हा काढून बुटात टाकला. विमानात हत्यार विसरलेल्या मेकॅनिकला त्याच दिवशी घरी पाठवायचे. तू सळई मोडलीस तेव्हा वाटलं, तुला कळलंय आणि लाजेने मोडलीस. म्हणून कधी विषय काढला नाही."

आठवलं. त्या संध्याकाळी माझ्या फळीवर एक आकार रिकामा होता. भांडारातून नवा पाना घेतला, हिरवा रंग मारून टांगला. आणि साफ विसरलो!

"मग त्या मुलीसमोर हो का म्हणालीस?"

"किती थोर दिसत होतास रे उभा राहून! मोडवेना मला."

रडलो. खूप रडलो. मग चिमटेवालीला फोन लावला. म्हणालो, तो पहिला फलक होता ना, अक्षम्य निष्काळजीपणाचा, तोच लावा. पूर्ण नावासकट. पदक परत काचेत ठेवा. आणि वाचायला माझी नातच हवी.